रोज डोंगर चढणारी माणसं

माथेरानला कसं जायचं हे मुंबई-पुण्याच्या माणसाला तोंडपाठ असतं. नेरळला उतरायचं, स्टेशनबाहेर सीटवर जाणारी टॅक्सी धरायची, घाट चढून दस्तुरी नाक्यावर यायचं, प्रवासी कराची पावती घ्यायची. तिथून पुढे मोटार नाही. घोडा, हातरिक्षा, अलीकडे थोड्या ई-रिक्षा, अमन लॉज स्टेशनहून सुटणारी शटल रेल्वे, नाहीतर आपले पाय. पण पर्यटकांची पहिली टॅक्सी नाक्यावर लागते त्याच्या कितीतरी आधी काही माणसं तिथे पोचलेली असतात. तीही बाहेरूनच आलेली असतात, फक्त टॅक्सीने नाही. जुम्मापट्टी, बेकरेवाडी, आसलवाडी, नाण्याचा माळ अशा उतारावरच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांतून अंधारातच निघून, रानातल्या पाऊलवाटेने ती वर आलेली असतात. पनवेलच्या अंगाला धोदाणी आहे. तिथली माणसं सनसेट पॉइंटला निघणाऱ्या वाटेने भाजीपाला आणि दूध घेऊन चढतात. चौकच्या बाजूने वन ट्री हिलच्या खालच्या शिडीच्या वाटेने येणारेही आहेत. ट्रेकिंगला जाणारी मंडळी ज्या वाटांचे फोटो काढतात, त्या या लोकांच्या कामावर जायच्या वाटा आहेत.

माथेरानचे पॉइंट, तिथलं धुकं, लाल माती, चिक्की आणि चपला यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. कामावर येणाऱ्या माणसांबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. आणि २०२५ सालानंतर तर तेच लिहायची वेळ आली आहे.

आधी हे गाव म्हणजे काय ते नीट पाहू. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं माथेरान हे राज्यातल्या सर्वांत छोट्या नगरपरिषदांपैकी एक. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४,३९३ भरली, म्हणजे कोकणातल्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढीसुद्धा नाही. तरी इथे नगराध्यक्ष आहे, मुख्याधिकारी आहे, बाजारपेठ आहे, शाळा आहेत, पोलीस ठाणं आहे, रेल्वे स्टेशन आहे. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या मोसमात गावच्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त होतात. शेती नाही, कारखाना नाही. सगळं गाव पाहुण्यावर जगतं.

अशा गावात रोजगार कुठला? हॉटेलं आणि लॉज आहेत. त्यांतले आचारी, रूमबॉय बहुतेक बाहेरगावचे, हॉटेलच्या मागच्या खोल्यांत राहणारे. त्यांना कामावर यायचा प्रश्न नाही. बाजारात दुकानं आहेत. नगरपरिषदेची, रेल्वेची, वनखात्याची मोजकी नोकरी आहे. उरलेलं बरंचसं काम एकाच प्रकारचं आहे: माणसं आणि माल इकडून तिकडे नेणं. दस्तुरीपासून बाजारापर्यंतचं अंतर साधारण अडीच किलोमीटर. गावात लागणारी प्रत्येक वस्तू, मग ते दूध असो, तांदळाचं पोतं, गॅसचा सिलिंडर, हॉटेलच्या धुऊन आलेल्या चादरी, सिमेंट, फरशी, आजाऱ्याचं औषध, या अडीच किलोमीटरवर कुणाच्या तरी डोक्यावरून, हातगाडीवरून, घोड्याच्या पाठीवरून किंवा शटलच्या डब्यातून जाते. दुसऱ्या गावात माणूस प्रवास करून कामावर जातो. माथेरानात प्रवास हेच काम आहे. म्हणून इथे रस्त्यावर काय चालवायचं हा प्रश्न कधीच नुसता रस्त्याचा राहत नाही. एक वाहन बदललं की कुणाची तरी चूल पेटते आणि कुणाची विझते.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौकच्या बाजूने हा डोंगर चढला आणि इंग्रजांना उन्हाळ्यात राहायला हवेशीर जागा मिळाली. गव्हर्नर एल्फिन्स्टननेही पुढे इथे घर बांधलं. साहेब लोक वर यायचे ते घोड्यावरून किंवा माणसांच्या खांद्यावरून. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीने नेरळहून दोन फुटी रुळांची मिनीट्रेन सुरू झाली. डोंगराला वळसे घेत सुमारे एकवीस किलोमीटर जाणारी ती रेल्वे आजही बघण्यासारखी आहे. पण ती पहिल्यापासून पाहुण्यांची गाडी. तिचा वेग, तिच्या वेळा, तिचं भाडं, कशातच सकाळी कामावर पोचायचं असलेल्या माणसाचा विचार नव्हता. शिवाय पावसाळ्यात नेरळ-माथेरान गाडी बंदच असते. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, ते पूर्ववत व्हायला २००७ उजाडलं. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरले आणि गाडी पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसाने परत मार्ग तोडला आणि नेरळहून गाडी सुटली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. या काळात बातम्या पर्यटकांच्या हिरमोडाच्या आल्या. गावाला मात्र अमन लॉज ते माथेरान ही छोटी शटल चालू आहे की नाही, याची जास्त काळजी होती. कारण तिच्यातून माल येतो आणि शाळेची पोरं, म्हातारी माणसंही येतात-जातात.

गाड्यांना बंदी इंग्रजांच्या काळापासून चालत आली. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि त्या बंदीला कायद्याचा भक्कम आधार मिळाला. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी यांचा अपवाद. ही अधिसूचना झाली नसती तर आज माथेरानची लोणावळ्यासारखी गत झाली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुंबईपासून दोन-अडीच तासांवर एवढं दाट रान शिल्लक आहे ते या बंदीमुळेच. ती उठावी असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण रान वाचवण्याची किंमत कुणी मोजली, हे विचारायला हवं. मोटारीतून उतरून अडीच किलोमीटर चालणाऱ्या पाहुण्याने ती थोडीशी मोजली. बाकीची सगळी हातरिक्षा ओढणाऱ्याच्या छातीने आणि हमाल बायकांच्या मानेने मोजली आहे.

हातरिक्षा एकदा जवळून पाहावी. दोन मोठी चाकं, त्यांवर लोखंडी सांगाडा, गादी, ऊन-पावसासाठी टप. पुढे दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारी आडवी दांडी. एक माणूस त्या दांड्यांच्या मध्ये उभा राहून ओढतो आणि दोघं मागून रेटतात. मागच्या दोघांचं काम फक्त चढावर असतं, असा आपला समज होतो. उतारावर पाहिलं की कळतं, तिथे त्यांचं काम जास्त जोखमीचं. पाय रोवून, अंग मागे टाकून त्यांना अख्खी रिक्षा धरून ठेवावी लागते. पुढच्याच्या पाठीवर ती आली तर संपलंच. पावसात लाल मातीचा चिखल होतो, उन्हाळ्यात तीच माती फुफाटा होऊन नाकातोंडात जाते. आत बसणारे बहुतेक वेळा म्हातारे, आजारी किंवा लहान मुलं घेऊन आलेली माणसं असतात. तीही अवघडूनच बसलेली असतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. मध्येच चढावर "काका, थांबा, आम्ही उतरतो जरा," असं म्हणणारे असतात. काका थांबत नाहीत. एकदा थांबलेली रिक्षा चढावर पुन्हा हलवायला दुप्पट दम लागतो.

या रिक्षांची परवाना असलेली संख्या २०२५ मध्ये ९४ होती. इथे एक हिशेब लक्षात घ्यावा लागतो. एका रिक्षेला तीन माणसं लागतात. परवाना एकाच्या नावावर असतो. म्हणजे ९४ परवान्यांमागे राबणारे हात अडीचशेहून जास्त जणांचे होतात. कुणी नात्यातलं, कुणी शेजारचं, कुणी वाडीवरून रोजच्या रोज येणारं. दिवसाचं भाडं मिळालं की वाटणी होते, नाही मिळालं तर तिघंही रिकाम्या हाताने घरी. सरकारी कागदावर यांतला एकच दिसतो.

दुसरा मोठा रोजगार घोड्यांचा. परवानाधारक घोडे सुमारे ४६०. त्यांतले काही पाहुण्यांना फिरवणारे, काही निव्वळ मालवाहतुकीचे. घोड्यावाल्यांना इथे अश्वपाल म्हणतात. घोडा एकाचा आणि लगाम धरून रपेट मारणारा पोरगा दुसराच, असं पुष्कळ ठिकाणी असतं. हातरिक्षेच्या जागी ई-रिक्षा आणायची म्हटल्यावर सगळ्यात कडाडून विरोध झाला तो या मंडळींकडून, आणि तो नुसता आडमुठेपणा म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. माणसाला मंदीत दुसरं काम शोधता येतं, अर्धपोटी राहताही येतं. घोड्याला मंगळवारी गिऱ्हाईक नाही म्हणून हरभरा आणि गवत चुकत नाही. करोनाच्या टाळेबंदीत महिनोन् महिने पाहुणा नव्हता, तेव्हा जनावर जगवताना या लोकांची दमछाक झाली.

तिसरा वर्ग सर्वांत कमी बोलणारा. दस्तुरी नाक्यावर गाडी थांबली की नऊवारी किंवा गुडघ्यापर्यंत खोचलेल्या पातळातल्या बायका पुढे येतात. "ताई, बॅग घेऊ?" एवढंच विचारतात. डोक्यावर फडक्याची चुंबळ, तिच्यावर एक मोठी बॅग, तिच्यावर दुसरी, एक काखेत. चाकं लावलेल्या त्या बॅगा लाल मातीत ओढता येत नाहीत, म्हणून त्यांची चाकं आभाळाकडे तोंड करून डोक्यावरून जातात. पाहुणे मागून मोकळ्या हाताने चालत असतात आणि तरी त्यांना धाप लागलेली असते. या बायका सकाळी वाडीवरून डोंगर चढून आल्या आहेत, दिवसभरात नंबर लागेल तशा दस्तुरी ते हॉटेल अशा खेपा करणार आहेत, आणि अंधार पडायच्या आत उतरून घरी पोचायचं आहे, कारण वाटेवर दिवा नाही आणि घरी चूल वाट पाहते आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत एकही खेप मिळत नाही असंही होतं. चढणं-उतरणं तेवढंच राहतं.

पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि याच राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला. डोक्यावर ओझं वाहणाऱ्याची नोंद व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, भविष्यनिर्वाह निधी असावा, हे सगळं महाराष्ट्राने देशाला दाखवलं. तो विचार या नाक्यावरच्या बायकांपर्यंत यायला हवा. ज्यांच्या माथ्यावर हे गाव उभं आहे, त्यांची साधी नोंद तरी असावी.

आता २०२५ चं सांगते. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेचं काम पाहणारे एक निवृत्त शिक्षक वर्षानुवर्षं ई-रिक्षाची मागणी लावून धरत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ च्या मे महिन्यात न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सात ई-रिक्षा रस्त्यावर आल्या. गावातल्या शाळकरी मुलांना आणि वयस्कर माणसांना पहिल्यांदाच परवडेल अशा भाड्यात दस्तुरी गाठता आली. प्रयोगाचा काळ संपून त्या बंद पडल्या तेव्हा त्या पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून गावातूनच मागणी झाली. नंतर संख्या वीसवर गेली, पण त्या कुणाला द्यायच्या यावरून तक्रारी झाल्या. खऱ्या रिक्षाचालकांना डावललं जातं असं म्हणणं होतं. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा स्वातंत्र्याला ७८ वर्षं झाल्यावर चालू राहणं अमानवी आहे, ती सहा महिन्यांत बंद करा, असं राज्य सरकारला सांगितलं. गुजरातमधल्या केवडियात स्थानिकांना ई-रिक्षा भाड्याने चालवायला दिल्या जातात, तशी योजना इथे आखा. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. खरे हातरिक्षाचालक कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ठरवावं, आणि त्यांना देऊन उरतील त्या ई-रिक्षा आदिवासी बायकांना आणि इतर गरजूंना द्याव्यात. दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मातीचे पेव्हर ब्लॉक चालतील, रानातल्या वाटांवर ते घालायचे नाहीत, हेही त्यात आहे.

न्यायालयाने १९८० सालच्या एका निकालाचा आधार घेतला. पंजाबात १९७५ साली कायदा झाला होता की सायकलरिक्षाचा परवाना जो ती स्वतः चालवतो त्यालाच मिळेल. भाड्याच्या रिक्षा ओढणारे त्यामुळे उघड्यावर पडणार होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा उडवून लावला नाही. या गरिबांना बँकेचं कर्ज मिळून ते स्वतःच रिक्षेचे मालक कसे होतील याची वाट काढून दिली. १९८० ची ती वाट माथेरानला जशीच्या तशी लागू पडते. ई-रिक्षा आली की ओझं उतरतं, हे खरं. पण ती कुणाच्या नावावर येते, यावर ओझ्याबरोबर भाकरीही उतरते की काय ते ठरतं.

म्हणून ९४ चा आकडा मला बोचतो. ९४ परवानाधारकांना ९४ ई-रिक्षा दिल्या, तर सरकार म्हणेल पुनर्वसन झालं. मागून रेटणाऱ्या दोघांचं काय? ई-रिक्षा एकच माणूस चालवतो. तीन माणसांचं काम एका माणसावर येतं. उरलेले दोघं कुठल्याच यादीत नाहीत. त्यांतले काही जण दिवाळीनंतर खालच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतले असतात. त्यांच्याकडे परवाना कधीच नव्हता, फक्त दम होता. समितीने यादी करताना पाळीपाळीने चालवायची सोय केली, एका गाडीवर दोन किंवा तीन नावं घातली, तर हे लोक राहतील. केवडियात आदिवासी बायका ई-रिक्षा चालवतात. दस्तुरीवर बॅगा वाहणाऱ्या बाईला शिकवलं तर ती का चालवणार नाही? त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा तिच्या पायांना ठाऊक आहे.

गाव ते दस्तुरी हा प्रवास सोपा झाला तरी वाडी ते दस्तुरी राहतोच. उतारावरच्या वाड्यांची रस्त्याची मागणी जुनी आहे. जमीन वनखात्याची, क्षेत्र संवेदनशील, म्हणून काम अडतं. मोठा डांबरी रस्ता रानात घालावा असं कुठलाच शहाणा माणूस म्हणणार नाही. पण आजारी माणसाला झोळीत घालून उतरवावं लागू नये एवढी वाट, पावसाळ्यात टिकणारी, हवी. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच डोंगररांगेला लागून असलेल्या इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांना बेपत्ता म्हणून मृत धरावं लागलं. मदतीला निघालेल्यांना भर पावसात रात्री तो डोंगर चालत चढावा लागला, यंत्रं वर नेता आली नाहीत. इर्शाळवाडी ठाकरांची होती. माथेरानच्या उतारावर राहणारी माणसं त्याच पावसात, त्याच प्रकारच्या जमिनीवर राहतात आणि त्याच प्रकारच्या वाटेने रोज कामाला येतात.

उलट दिशेचा प्रवासही आहे. माथेरानची मुलं शाळेनंतर कॉलेजला नेरळ, कर्जतला उतरतात. सकाळी नेरळच्या फलाटावर कर्जत लोकल पकडून मुंबईकडे नोकरीला निघालेली गर्दी असते, तिच्यात एखादा माथेरानचा मुलगा असतो, आणि मुंबईहून आलेल्या लोकलमधून पाहुणे उतरत असतात. त्या मुलाचा दिवस मोठा. आधी गाव ते दस्तुरी पायी, मग घाटात सात-आठ किलोमीटर टॅक्सी, मग लोकल. संध्याकाळी तेच उलटं, आणि रात्र झाली की घाटात सीट भरायला माणसं मिळत नाहीत, टॅक्सी सुटत नाही. ज्यांना जमतं ती कुटुंबं नेरळला भाड्याची खोली घेतात. आई मुलांबरोबर खाली, बाप धंद्यासाठी वर. २००१ च्या जनगणनेत पाच हजारांवर असलेली वस्ती २०११ ला कमी झाली, त्यामागे ही पायपीट आहे असं मला वाटतं. गावात नगरपरिषदेचं बी. जे. हॉस्पिटल आहे, पण दुखणं जरा मोठं असलं की खाली उतरण्यावाचून इलाज नसतो, आणि बाळंतपण जवळ आलेली बाई आधीच खाली जाऊन राहते.

धोदाणीच्या बाजूने वर येणारी सोय, भुतिवलीहून रोपवे, असे प्रस्ताव किती वर्षं ऐकू येतात. ते जेव्हा व्हायचे तेव्हा होवोत. त्यांतही हिशेब मांडला जातो तो तासाला किती पर्यटक वर येतील याचा. सकाळी सहा वाजता कामावर येणाऱ्या बाईला त्यात पास मिळेल का, भाजीची पाटी घेऊन चढता येईल का, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवं.

न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची मुदत फेब्रुवारी २०२६ च्या सुरुवातीला संपणारी होती.  जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीवर एक यादी करायचं काम सोपवलं होतं. ती अलिबागच्या कचेरीत जुन्या परवान्यांच्या रजिस्टरवरून करता येते, किंवा सकाळी साडेसहाला दस्तुरी नाक्यावर बसून, वर येणाऱ्या एकेकाला थांबवून, नाव, वाडी आणि काम विचारून करता येते. दुसऱ्या पद्धतीला फार तर आठवडा लागतो. परवाना कुणाचा आणि घाम कुणाचा, हे तिथे विचारल्यावर कुणीही सांगेल.